लेडव्हिल : दहा हजार फुटांवरच्या खाणगावातले संसार

वैदेही_डेन्व्हर

मंडळी, जुलैत लेकीला सुट्टी होती तेव्हा आम्ही तिघं लेडव्हिलला जाऊन आलो, डेन्व्हरहून दोन तास, आणि आल्यापासून ते गाव डोक्यातून जात नाहीये म्हणून हा धागा काढतेय. कोलोरॅडोत येऊन दहा वर्षं झाली, त्या गावात थांबून चारदा गाडीत गॅस भरलाय, पण गाव म्हणून कधी नीट बघितलंच नव्हतं. उंची १०,१५२ फूट. म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट, आणि तिथे लोक संसार करून राहिले, पोरं वाढवली, १८८० च्या खानेसुमारीत १४,८२० माणसं होती तिथे!

गावात शिरलं की जिकडेतिकडे होरेस टेबर. चांदीचा राजा, त्याचं १८७९ चं ऑपेरा हाऊस अजून उभं आहे, मग त्याची दुसरी सुंदर बायको बेबी डो, तिची मॅचलेस खाण, पोस्टकार्डं, कॉफीचे मग. पण मला बोलायचंय ते पहिल्या बायकोबद्दल, ऑगस्टाबद्दल. ही मेन राज्यातली, घरचं बरं होतं, वडिलांकडे दगड घडवण्याच्या कामावर असलेल्या होरेसशी १८५७ मध्ये लग्न केलं आणि कॅन्ससमध्ये शेतावर गेली, तिथे मुलगा झाला मॅक्सी, आणि १८५९ मध्ये सोन्याची हूल उठल्यावर नवरा निघाला म्हणून हीसुद्धा दीड वर्षाचं पोर घेऊन बैलगाडीतून निघाली. पोर आजारी, ही आजारी. पुढे आर्कान्सा नदी ओलांडताना गाडीचं वरचं खोकं चाकांवरून सुटून वाहायला लागलं आणि हिने काठाच्या वाळुंजाच्या फांद्या धरून ठेवल्या, लोक येईपर्यंत. हे तिने स्वतः नंतर सांगून लिहून ठेवलंय.

१८६० च्या मे महिन्यात ती कॅलिफोर्निया गल्चमध्ये पोचली, म्हणजे आत्ताच्या लेडव्हिलला लागूनच जी घळ आहे तिथे. एप्रिलमध्येच एब ली नावाच्या माणसाला तिथे सोनं सापडलं होतं. ती त्या घळीतली पहिली बाई. खाणवाल्यांनी मिळून तिला लाकडी ओंडक्यांचं खोपटं बांधून दिलं आणि बदल्यात तिने काय करायचं, तर रांधायचं. लोकांकडे खायला नव्हतं म्हणून यांनी आपले गाडीचे बैल कापून मांस वाटून दिलं. मग हिने खानावळ चालवली, धुणी धुतली, तराजू मांडून सोन्याची भुकटी तोलून दिली, टपाल सांभाळलं. नवरा दिवसभर वाळू उपसत होता. पहिल्या हंगामात हातात जे रोख आलं त्यात तिच्या चुलीचा वाटा किती असेल याचा विचार करा, कारण नंतर सोनं आटलं, हजारो लोक उठून गेले, बकस्किन जो नावाच्या दुसऱ्या खाणगावात सात वर्षं काढून हे परत आले, आणि या सगळ्या अठरा वर्षांत घर चाललं ते दुकानावर, पोस्टावर आणि खानावळीवर. खाणीवर नाही.

१८७८ मध्ये होरेसने दोन माणसांना दुकानातून सामान उधार दिलं, तिसऱ्या हिश्श्याच्या बोलीवर. सतरा डॉलरचं सामान अशी गोष्ट तिथे सांगतात. त्यांना लिटल पिट्सबर्गची चांदी लागली आणि टेबर रातोरात करोडपती. दुकान कोण चालवत होतं हे गावातल्या एकाही पाटीवर मला दिसलं नाही.

तुमच्यापैकी कोणाच्या घरात असं खाणीचं, गिरणीचं, धरणाच्या वसाहतीचं आयुष्य असेल तर लिहा ना प्लीज. मला त्या बायकांबद्दल अजून वाचायचंय.

खडूफळा

मस्त लिहिलंयस वैदेही. गाडीचं खोकं वाहून जाताना फांदी धरून बसलेली बाई डोळ्यासमोर आली. अजून लिही, मुलांचं काय होतं तिथे, शाळा वगैरे?

लालबागचा_नातू

वैदेहीताई, "खानावळ" शब्द वाचला आणि थांबलोच. माझी आजी मालवणकडची, लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत खानावळ चालवायची. आजोबा गिरणीत साचेवाले. सकाळच्या पाळीचे, दुपारच्या पाळीचे, रातपाळीचे असे मिळून सतरा-अठरा गडी जेवायला, त्यातले सात-आठ त्याच चाळीत गाळ्यावर झोपायचे, एक उठून पाळीला गेला की त्याच वळकटीवर दुसरा आडवा. आजी पहाटे साडेतीनला स्टो पेटवायची ती रात्री अकराला भांडी पालथी घालायची. महिन्याच्या महिन्याला पगार झाला की पैसे, आणि संप झाला की उधारी. वाण्याची उधारी मात्र थांबायची नाही, दागिना सावकाराकडे. शेवटी अशा बायकांसाठी प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे आजीची पाटली सुटली.

तुमच्या त्या खाणगावातही एकाच बिछान्यावर पाळीपाळीने झोपत असतील का? कारण तिथेही पाळ्याच असणार.

वैदेही_डेन्व्हर

@लालबागचा_नातू, अंगावर काटा आला वाचून. हो हो, तिथेही अगदी तसंच. १८७९ च्या गर्दीत झोपायला जागा नव्हती म्हणून एका बिछान्यावर पाळीने माणसं झोपायची. आणि लग्न झालेल्या बाईने घरात दोन-तीन बोर्डर, म्हणजे पैसे देऊन राहणारे-जेवणारे, ठेवणं ही तर रीतच होती, नवऱ्याची मजुरी पुरायचीच नाही. तिथल्या हीली हाऊस म्युझियममध्ये गेलो होतो, १८७८ मध्ये एका स्मेल्टरच्या, म्हणजे खनिज वितळवून धातू काढण्याच्या कारखान्याच्या, मालकाने बांधलेलं घर, पुढे त्याचं बोर्डिंग हाऊस झालं आणि तिथे शाळेच्या शिक्षिका राहायच्या (खडूफळा, हे तुमच्यासाठी!). मी स्वयंपाकघरातच जास्त वेळ उभी होते. ओतीव लोखंडाची मोठी शेगडी. तिच्यासमोर उभं राहून एवढंच डोक्यात येत होतं की ही पेटती ठेवायला लाकूड किती लागत असेल आणि ते आणणार कोण, बर्फातून.

आजीचा फोटो असेल तर टाका ना इथे.

कुकरची_शिट्टी

मला एक सांगा, एवढ्या उंचीवर त्या बायका शिजवायच्या कशा? आम्ही लेहला गेलो होतो तेव्हा होमस्टेच्या काकूंनी कुकरशिवाय डाळीला हात लावू नका म्हणून बजावलं होतं.

वैदेही_डेन्व्हर

@कुकरची_शिट्टी, अगं हेच तर. लेडव्हिलला पाणी उकळतं साधारण ९० डिग्रीला. म्हणजे पातेल्यात बुडबुडे येतायत, वाफ येतेय, सगळं उकळतंय असं दिसतं पण ते हवं तेवढं गरमच नसतं. आम्ही जिथे उतरलो होतो तिथे कुकर नव्हता आणि मी शहाणपणा करून तूरडाळ नेली होती. अर्धा तास भिजवून पातेल्यात लावली, दीड तास झाला तरी दाणा बोटात चेपत नव्हता, वर फेस, खाली दाणे जसेच्या तसे, लेक भुकेने रडकुंडीला आली, शेवटी ब्रेड खाऊन झोपलो. डाळ रात्रभर तशीच मंद आचेवर ठेवली तेव्हा सकाळी कुठे जरा मऊ झाली.

आता खाणवाल्याचं जेवण म्हणजे काय, तर वाळवलेल्या शेंगांचे दाणे, खारवलेलं डुक्कर, पीठ, सुकवलेली सफरचंदं. बीन्स! तूरडाळीपेक्षा कितीतरी टणक. म्हणजे चूल रात्रभर विझू द्यायची नाही. ब्रेडचं उलटं, हवेचा दाब कमी म्हणून पीठ भसाभस फुगतं आणि भट्टीत मध्येच बसतं, मैदानातून आलेल्या बाईने आईकडून शिकलेलं प्रमाण इथे चालायचं नाही, सगळं नव्याने हाताला बसवायचं. खाणपट्ट्यातले लोक आंबवलेल्या पिठाचं विरजण थंडीत गारठू नये म्हणून अंथरुणात घेऊन झोपायचे. मी इथे जानेवारीत इडलीचं पीठ ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवते तेव्हा आता दर वेळी हे आठवणार.

डॉ_नीलकंठ

चांगला धागा. थोडी वैद्यकीय भर घालतो.

लेडव्हिल आमच्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे ते वेगळ्याच कारणाने. १९५० च्या दशकात तिथल्या नवजात बाळांचा अभ्यास झाला आणि सरासरी वजन सखल भागातल्या बाळांपेक्षा कमी भरतं हे दिसलं. आईच्या रक्तातच प्राणवायू कमी, त्यामुळे बाळाची वाढ कमी. हे कळलं १९५० नंतर. त्याआधी सत्तर-ऐंशी वर्षं तिथे बाळंतपणं होत होतीच, त्या बायकांना आपलं बाळ एवढंसं का, याचं कारण कोणीच सांगू शकत नव्हतं. त्यांनी ते स्वतःच्या खाण्यापिण्यावर, कामावर, नशिबावर घेतलं असेल. मला हे फार लागतं, कारण आजही माझ्या ओपीडीत बाळाचं वजन कमी म्हटलं की सगळे आधी आईकडेच बघतात.

दुसरं न्यूमोनिया. सुरुवातीच्या हिवाळ्यांत तिथे न्यूमोनियाने माणसं पटापट गेली, तंबूत, ओल्या कपड्यांत, अर्धपोटी, त्यात हवा विरळ. १८७९ मध्ये सिस्टर्स ऑफ चॅरिटीच्या नन्सनी सेंट व्हिन्सेंट हॉस्पिटल काढलं ते याच धांदलीत. आणि तिसरं म्हणजे हवेच्या दाबावर चालणारी कोरडी ड्रिल्स आली तेव्हा दगडाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस. त्या ड्रिलला खाणवाले जे नाव द्यायचे त्याचा अर्थ "विधवा करणारं यंत्र" असा होतो. घरच्या बाईला खोकला ऐकूनच कळत असणार.

जुनी_वही

वैदेही, लेख आवडला पण एक गोष्ट पटली नाही. होरेसला तू फारच किरकोळीत काढलंस. तो उधार द्यायचा, लोकांवर विश्वास टाकायचा, त्या उधारीतूनच सगळं उभं राहिलं. आणि बेबी डोलाही लोक उगाच "दुसरी" म्हणून वाळीत टाकतात. १८९३ मध्ये सरकारने चांदी खरेदीचा कायदा रद्द केला, चांदीचा भाव कोसळला, टेबर धुळीला मिळाला, १८९९ मध्ये वारला. सगळे म्हणत होते ही आता जाईल दुसऱ्या श्रीमंताकडे. गेली नाही. त्या मॅचलेस खाणीच्या शेजारच्या खोपट्यात वर्षानुवर्षं राहिली आणि मार्च १९३५ मध्ये तिथेच थंडीने गारठून मेलेली सापडली. पायाला गोणपाट गुंडाळून गावात फिरायची. तिचाही संसारच होता तो.

वैदेही_डेन्व्हर

@जुनी_वही, बेबी डोबद्दल तुमचं म्हणणं मान्य आहे, मी तिच्याबद्दल वाईट लिहिलं नाहीये, ते खोपटं बघून मलाही गलबलून आलं. पण होरेसचं नाही पटत. उधार दिली ती कोणाच्या दुकानातून? दोघांच्या. सगळी वर्षं तिने पै पै धरून ठेवली म्हणून उधार द्यायला फळीवर माल होता. आणि पैसा आल्यावर तीच त्याला कटकटी वाटायला लागली. १८८३ च्या जानेवारीत कोर्टात घटस्फोट झाला तेव्हा तिने न्यायाधीशांना सांगितलं की हे मी राजीखुशीने मागत नाहीये अशी नोंद करा. दोन महिन्यांत वॉशिंग्टनला त्याचं थाटामाटात लग्न, राष्ट्राध्यक्ष आर्थर हजर. वाटणीत ऑगस्टाला जे मिळालं ते तिने इतकं नीट सांभाळलं की टेबर कंगाल झाला तेव्हा ती श्रीमंत होती, १८९५ मध्ये पॅसाडेनात वारली ती श्रीमंतच. हिशेब कोणाला येत होता ते यावरून दिसतंच ना.

जुनी_वही

फळीवरच्या मालाचा मुद्दा खरा आहे. मागे घेतो.

मग अजून एक बाई घे यात, मार्गारेट टोबिन. टायटॅनिकमधून वाचलेली "मॉली ब्राऊन" म्हणून सगळे ओळखतात (मॉली तिला हयातीत कोणी म्हणत नसे). ती १८८६ मध्ये लेडव्हिलला आली, दुकानात गालिचे आणि पडदे शिवायचं काम करायची, त्याच वर्षी १९ व्या वर्षी खाणीतल्या जे. जे. ब्राऊनशी लग्न केलं आणि खाणींच्या जवळ स्टम्पटाऊनमध्ये ओंडक्यांच्या छोट्या घरात राहायला गेली. १८९३ च्या मंदीत खाणी बंद पडल्या तेव्हा लोकांसाठी सूप किचनमध्ये राबली. त्याच वर्षी तिच्या नवऱ्याने लिटल जॉनी खाणीत ढासळणारी वाळू गवताच्या गठ्ठ्यांनी आणि लाकडाने थोपवली आणि खाली सोनं लागलं. पण लोकांना आठवते ती १९१२ ची होडी.

आणि संप. १८८० मध्ये दिवसाला ३ डॉलर, दहा तास. मागणी होती ४ डॉलर आणि आठ तास. मार्शल लॉ लावून संप मोडला. १८९६-९७ चा तर नऊ महिने चालला, भर हिवाळ्यातून, तोही हरले. नातूसाहेब, तुमच्या आजीची पाटली वाचताना मला ८२ चा संप आठवत होता.

लालबागचा_नातू

८२ ला आजी होती. संपात तिने एकाही गड्याला उठवलं नाही, फक्त भाकरीबरोबर कालवण बंद झालं, चटणी आली. काही गडी गावाला गेले ते परत आलेच नाहीत. तिच्या वहीत त्यांची नावं आणि पुढे आकडे, ती वही माझ्याकडे आहे. एकाच्या नावापुढे १४० रुपये आणि खाली बाईच्या अक्षरात "मुलगी आजारी". तिने ते खोडलंही नाही आणि कधी मागितलंही नाही.

माणिक_भंडारा

धागा वाचून राहवलं नाही. मी भंडारा जिल्ह्यातला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीच्या बाजूला वाढलो. आमचा डोंगर म्हणजे टेकडीच, लेडव्हिलसारखं काही नाही. पण बाबा घरी आले की आई त्यांना आधी मोरीत पाठवायची, त्यांचे कपडे आमच्या कपड्यांत कधीच धुतले नाही, वेगळी बादली, आणि ती बादली काळीच राहायची, किती घासा. आम्ही लहान होतो तेव्हा वाटायचं बाबांचा रंगच निघून राहिला. भोंगा वाजला आणि वेळेवर बाबा आले नाही तर आई काहीच बोलायची नाही, फक्त दारातलं काम काढून बसायची, तांदूळ निवडायचा असला तर दारात.

तिथे शिशाच्याही खाणी असतील तर मुलांच्या अंगात शिसं गेलं नसेल का?

वैदेही_डेन्व्हर

माणिकभाऊ, तांदळाचं वाचून रडले मी.

हो, गेलं. गावाचं नावच लेड, म्हणजे शिसं. सोनं धुताना एक जड काळी वाळू मधे यायची, सगळे तिला शिव्या घालून फेकून द्यायचे, ती शिशाची निघाली आणि तिच्यात चांदी. मग स्मेल्टर आले, धूर, राखेचे ढीग, आणि ते ढीग घरांच्या परसापर्यंत. १९८३ मध्ये सगळी कॅलिफोर्निया गल्च सरकारने साफसफाईच्या सुपरफंड यादीत घातली. नंतर मुलांचं रक्त तपासलं, ज्या घरांत जास्त निघालं त्यांच्या अंगणातली माती बदलून दिली. म्हणजे १८८० मधल्या आया ज्या अंगणात पोरं रांगायला सोडायच्या तिथलीच माती शंभर वर्षांनी धोकादायक ठरली.

आणि खडूफळा, तुम्ही मुलांचं विचारलं होतं ना, मी मुद्दाम टाळत होते. एव्हरग्रीन सिमेट्रीत गेलो होतो. एका टोकाला पाईनचं दाट रान आहे, तिथे दगडच नाहीत. फक्त जमिनीत खळगे. लांबट, एकाशेजारी एक, शेकडो. पेट्या कुजून माती खाली बसलेली. तेराशेच्या आसपास आयरिश लोक तिथे निनावी पुरलेत, बरेचसे कॉर्क परगण्यातल्या आलिहीजच्या तांब्याच्या खाणीतून आलेले, म्हणजे एका खाणीतून उठून दुसऱ्या खाणीत. जेम्स वॉल्श नावाचे डेन्व्हरचे प्राध्यापक आहेत त्यांनी चर्चच्या दफ्तरातून नावं शोधली, आणि २०२३ मध्ये तिथे स्मारक झालं, काचेवर नावं आणि वयं. वाचत गेलं की विशी, पंचविशी, आणि मधेच तान्ही बाळं.

काही खळगे अगदी छोटे आहेत, माझ्या दोन वितींएवढे. लेक आठ वर्षांची, ती त्यातल्या एकाशेजारी उकिडवी बसली, आत पडलेल्या पाईनच्या काड्या काढायला लागली. मी म्हटलं राहू दे गं. तर म्हणाली, आई याच्यावर कोणी झोपत नाहीये ना आता, मग साफ करू देत. मी काही बोलले नाही, मीही काढायला बसले.

डॉ_नीलकंठ

🙏

खडूफळा

शाळेत पोरांना हे वाचून दाखवणार आहे. तुझी परवानगी असेल तर.

वैदेही_डेन्व्हर

अहो विचारता काय, नक्की वाचा. खळग्यांचं वयाने मोठ्या मुलांनाच सांगा पण.

कुकरची_शिट्टी

आम्ही ऑक्टोबरमध्ये कोलोरॅडोला येतोय, एक दिवस लेडव्हिलला काढायचं नक्की केलं. काय काय बघायचं, आणि सासूबाई बरोबर आहेत, वय ७१, झेपेल ना?

वैदेही_डेन्व्हर

सासूबाईंना आधी डेन्व्हरला दोन-तीन दिवस राहू दे, मग वर न्या, पाणी भरपूर प्यायला लावा आणि डोकं दुखायला लागलं तर हट्ट न करता खाली उतरा, डॉक्टरांना एकदा विचारून घेतलेलं बरं. हीली हाऊस उन्हाळ्यात उघडं असतं, ऑक्टोबरचं आधी फोन करून विचारा. फ्रेमाँट पासवरून गेलात तर वर क्लायमॅक्सची मॉलिब्डेनमची खाण दिसेल, तिथलं खाणकामगारांचं गाव १९६० च्या सुमाराला उठवलं आणि घरंच्या घरं उचलून खाली लेडव्हिलला आणून ठेवली, ती अजून आहेत, लोक राहतात.

एव्हरग्रीनला गेलात तर त्या पाईनच्या रानात पायाखाली बघून चाला, गवतात खळगे दिसत नाहीत. आणि कुकर न्या.

लालबागचा_नातू

वैदेहीताई, फोटो मागितला होतात. आजीचा एकच आहे, लग्नातला नाही, खानावळीतला, कोणा गड्याने काढलेला. चेहरा हललाय, वाफेत नीट दिसत नाही, पण हात आणि परात स्पष्ट आहे. उद्या स्कॅन करून टाकतो.

माणिक_भंडारा

टाका भाऊ, वाट पाहून राहिलो.